आमदारांचा प्रवास भत्ता वाढवायचा का? आधी टीए बिल समजून घेऊ

मागच्या आठवड्यात नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघाले होते, कसारा यायच्या आतच समोरच्या दोघांचं जुंपलं. विषय आमदारांचे भत्ते. काका म्हणत होते आता एक रुपयासुद्धा वाढवायला नको, आधीच लाखांनी घेतात, आणि खिडकीपाशी बसलेला पोरगा म्हणत होता की काका पेट्रोल शंभरीच्या वर गेलंय, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या दराने तुम्ही तरी गाडी फिरवाल का. मी गप्प बसणार होते पण राहवलं नाही, कारण नाशिकमधल्याच एका सरकारी ऑफिसात माझी २६ वर्षं टीए बिलं, म्हणजे प्रवास भत्त्याची बिलं, तपासण्यात गेली आहेत. कल्याण येईपर्यंत बोलत होते. तेच इथे नीट लिहून काढतेय, कारण हा विषय दर दोन-तीन वर्षांनी निघतो आणि दरवेळी शिव्याशापातच संपतो.

दोघंही थोडे थोडे बरोबर होते, पण दोघांचाही घोळ एकच होता, सगळे पैसे एकाच पिशवीत टाकत होते. आमदाराला तिजोरीतून जे मिळतं ते तीन प्रकारचं असतं. पगार म्हणजे कामाचा मोबदला. प्रतिपूर्ती म्हणजे कामासाठी खिशातून जेवढे गेले तेवढेच परत. आणि भत्ता या दोघांच्या मधे बसतो, म्हणजे खर्च होणारच असं धरून एक रक्कम ठरवून टाकायची आणि पावती मागायची नाही. भत्ता सोयीचा असतो, कारकुनाचं काम वाचतं, पण तो खऱ्या खर्चापेक्षा जास्त झाला की वरचे पैसे हा पगारच झाला, फक्त त्याला कुणी पगार म्हणत नाही. आणि खर्चापेक्षा कमी पडला तर माणूस लोकांचं काम करायला स्वतःच्या खिशातून पैसे घालतो. मग ज्याचा खिसा मोठा तोच ते काम करू शकतो.

हे दुसरं टोक लोकांच्या लक्षात येत नाही. लोकप्रतिनिधीला पैसे द्यायचे ही कल्पनाच मुळी गरिबालाही निवडून येऊन काम करता यावं म्हणून आली. ब्रिटनमधे १९११ पर्यंत खासदारांना पगार नव्हता, त्या वर्षी वर्षाला ४०० पौंड सुरू झाला, आणि ही मागणी कामगारांच्या चळवळीने त्याआधी ७०-७५ वर्षं लावून धरलेली होती. आपल्याकडे सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले आणि एसटीने फिरायचे हे आपण अभिमानाने सांगतो, मीही सांगते. एसटीत आमदारांसाठी सीट राखीव असते आणि प्रवास फुकट असतो तो याच विचाराने.

आता टीए बिल. आमच्याकडे जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला असलेल्या सुरगाण्याकडच्या एका उपकेंद्रातल्या नर्सताईंचं बिल यायचं. कोऱ्या कागदावर एसटीची तिकिटं डिंकाने चिकटवलेली, मशीनचं तिकीट महिन्याभरात पांढरं पडतं म्हणून प्रत्येक तिकिटाशेजारी पेनाने तारीख, कुठून कुठे आणि रक्कम लिहून खाली सही. इतकं नेटकं बिल मी क्वचित बघितलंय. एका जुलैमधे ओढ्याच्या फरशीवर पाणी होतं, नेहमीची गाडी बंद, त्या लांबच्या रस्त्याने फिरून नाशिकला मीटिंगला आल्या. नियम काय तर जवळच्या मार्गाचं भाडं देय. लाल पेनाने ३४ रुपये मीच कापले, शेरा लिहिला आणि बिल पुढे पाठवलं. त्या पुढच्या महिन्यात आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं की मॅडम, पाण्यातून यायला पाहिजे होतं का. त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाहीये. तो नियम लिहिला तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर सुरगाण्याचा पावसाळा नव्हता.

हे मुद्दाम सांगतेय कारण जुना नियम म्हणजे नेमकं काय ते यातून कळतं. जुना नियम म्हणजे फक्त कमी दर नव्हे. नियम लिहिला तेव्हाची परिस्थिती गेली आणि नियम मात्र राहिला, की तो जुना झाला. मग तो कधी माणसाला कमी देतो, कधी जास्त देतो. दोन्ही होतं.

जास्त कसं देतो? आमदारांना टेलिफोनसाठी महिन्याला ८ हजार रुपये मिळतात. एसटीडी, रोमिंग, मिनिटाला रुपया असा जमाना होता तेव्हा मतदारसंघ सांभाळणाऱ्या माणसाचं बिल तेवढं येतही असेल. सप्टेंबर २०१६ मधे जिओ आलं आणि वर्षभरात फोनवर बोलणं जवळपास फुकट झालं. आज मोठ्यात मोठा प्लॅन घेतला, दोन नंबर घेतले, घरी वायफाय घेतलं तरी ८ हजार होत नाहीत. उरलेले पैसे पगारच झाले की नाही? कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बिल लावलं नाही, नियम फक्त आहे तिथेच उभा राहिला आणि जग पुढे गेलं.

कमी कसं देतो ते किलोमीटरच्या दरात दिसतं. खासदारांचं उदाहरण घेते. त्यांना स्वतःच्या गाडीने कामाला गेलं की किलोमीटरमागे पैसे मिळतात, २०१० मधे तो दर १३ चा १६ रुपये केला. त्याच वर्षी जूनमधे सरकारने पेट्रोलचे भाव बाजारावर सोडले, तेव्हा पेट्रोल पन्नास-पंचावन्नच्या आसपास होतं. आज दुप्पट झालंय. ऐकून वाटतं की बापरे, १६ रुपये म्हणजे अन्यायच. पण थांबा, मी गणित करून बघितलं.

नाशिक ते मुंबई साधारण १७० किलोमीटर, जाऊन येऊन ३४०. १६ रुपयाने ५,४४० होतात. आता इनोव्हासारखी डिझेल गाडी धरा, घाट धरून लिटरला १२ किलोमीटर, डिझेल ९० रुपये. २८ लिटरच्या थोडं वर लागतं, म्हणजे साधारण अडीच हजार रुपये. उरले जवळपास २,९००. ते कशाचे? टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, गाडीची झीज, टोल आणि ड्रायव्हर. किलोमीटरच्या दरात हे सगळं धरलेलं असतं, फक्त इंधन नसतं, आणि म्हणूनच पेट्रोल दुप्पट झालं की दर दुप्पट करा हे गणित चुकीचं आहे. इंधन हा त्या दराचा एक तुकडा आहे.

आणि इथेच खरी गंमत नव्हे, खरी अडचण सुरू होते. समजा आमदारांनाही हाच १६ चा दर धरला. राष्ट्रीय महामार्गावर आमदाराला त्याच्या राज्यात ओळखपत्र दाखवून टोल माफ आहे, २००८ च्या नियमात तसं लिहिलंय, म्हणजे घोटीचा टोल त्यांना लागत नाही. ड्रायव्हरचा पगार आपल्या आमदारांना वेगळा मिळतो, मार्च २०२२ मधे तो महिना १५ हजाराचा २० हजार केला. मग किलोमीटरच्या दरात ड्रायव्हर आणि टोल धरला असेल तर तेच पैसे दोनदा गेले. आणि धरला नसेल तर १६ रुपये मैदानी रस्त्याला पुरेसे असतील पण सुरगाण्याच्या रस्त्याला पुरणार नाहीत. एकच आकडा बघून तो कमी की जास्त हे सांगताच येत नाही, त्या आकड्यात काय काय धरलंय ते लिहिलेलं पाहिजे. आमच्या ऑफिसात चौघं एका जीपने आले तर किलोमीटरचे पैसे एकालाच मिळायचे, बाकी तिघांना फक्त दैनिक भत्ता. साधी गोष्ट आहे, पण ती कागदावर लिहिलेली होती म्हणून वाद व्हायचे नाहीत.

आता कायदा थोडक्यात. राज्यघटनेच्या कलम १९५ मधे लिहिलंय की आमदारांचे पगार आणि भत्ते विधिमंडळ कायदा करून ठरवेल. आपला कायदा १९५६ चा, तेव्हा महाराष्ट्र राज्य झालंही नव्हतं, मुंबई राज्य होतं. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत गेल्या. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ असे ३६६ जण या कायद्याखाली येतात, त्यातले विधानसभेचे १५ आपल्या नाशिक जिल्ह्यातले. म्हणजे ज्यांना पैसे मिळणार तेच दर ठरवणार. यात त्यांचा दोष नाही, घटनेनेच तसं ठेवलंय, कारण उद्या सरकारने विरोधी आमदारांचे पैसे अडवायला नकोत ही काळजी होती आणि ती योग्यच होती. पण त्याचा एक परिणाम असा की ऑगस्ट २०१६ मधे पावसाळी अधिवेशनाच्या शेवटी पगारवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. पगार प्रधान सचिवांच्या वेतनश्रेणीला बांधला गेला. मला वाढीचा राग नाही आला, चर्चा न होण्याचा आला. शेतीमालाच्या भावावर तासन् तास बोलणाऱ्या सभागृहाला स्वतःच्या पैशावर अर्धा तास बोलायला लाज का वाटावी? उलट तिथेच बोलायला पाहिजे, लोकांसमोर, आकडे मांडून.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, लाज वाटते म्हणूनच नियम जुने राहतात. भत्ता वाढवला की दुसऱ्या दिवशी पेपरात हेडलाइन, टीव्हीवर वाद, लोकांच्या शिव्या. मग पाच-दहा वर्षं कुणी हात लावत नाही आणि एकदम मोठी उडी मारावी लागते, आणि मोठी उडी बघून लोक अजून भडकतात. हे चक्र आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत असं होत नाही. २०१७ च्या जुलैमधे केंद्राने कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचे नवे दर काढले तेव्हा त्यातच लिहून ठेवलं की महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर आपोआप २५ टक्क्यांनी वाढतील. २०२४ मधे तसं झालं, कुठेही बोंबाबोंब नाही. खासदारांच्या पगाराचंही २०१८ मधे असंच केलं, दर ५ वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप बदल. त्याप्रमाणे मार्च २०२५ मधे पगार १ लाखाचा १ लाख २४ हजार आणि दैनिक भत्ता २ हजाराचा अडीच हजार झाला, १ एप्रिल २०२३ पासून लागू. याला निर्देशांकाशी बांधणं म्हणतात आणि माझ्या मते हाच अर्धा उपाय आहे. अर्धा का ते पुढे सांगते.

बाहेर काय करतात ते थोडं बघू, कारण हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात आमदारांचा पगार वर्षाला १०० डॉलर आहे, १८८९ पासून तोच, घटनेत लिहिलेला. न्यू मेक्सिकोत तर पगारच ठेवला नाही, फक्त दैनिक भत्ता आणि गाडीचे मैलामागे पैसे. अशा ठिकाणी प्रवासाचा दर हा किरकोळ विषय राहत नाही, दूर राहणारा शिक्षक किंवा शेतकरी आमदार होऊ शकतो की नाही ते त्या दरावर ठरतं. तिथला आयकर विभाग दरवर्षी गाडी चालवण्याचा खर्च अभ्यासून मैलामागे दर जाहीर करतो, २०२४ ला ६७ सेंट, २०२५ ला ७० सेंट. २०२२ मधे इंधन भडकलं तर वर्षाच्या मधेच साडेअठ्ठावन्नचे साडेबासष्ट केले. अनेक ठिकाणी मग तोच दर धरतात, आमदाराने स्वतः दर ठरवायची गरजच पडत नाही.

याच्या उलट ब्रिटन. तिथे मैलामागे ४५ पेन्स हा दर २०११ ला ठरला आणि दशकभर हललाच नाही. पण ब्रिटनने दुसरी गोष्ट चांगली केली. २००९ मधे खासदारांच्या खर्चाची बिलं बाहेर आली, घराच्या दुरुस्तीपासून कशाकशाचे पैसे सरकारकडून घेतलेले, प्रचंड गदारोळ झाला, स्पीकरला पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी कायदा करून खर्च तपासणारी स्वतंत्र संस्था उभी केली, ती खासदारांच्या हाताखाली नाही. आज तिथल्या कुठल्याही खासदाराने कुठल्या तारखेला कुठल्या प्रवासाचे किती पैसे घेतले ते कुणीही घरबसल्या बघू शकतं. म्हणजे दर एकाकडून शिकावा आणि उघडेपणा दुसऱ्याकडून.

तर मग वाढवायचं का? माझं मत विचाराल तर हो, नियम नव्याने लिहावेत, पण फक्त आकडा बदलून नको. निर्देशांक हा अर्धा उपाय म्हटलं ते यासाठी की चुकीचा आकडा निर्देशांकाला बांधला तर चूकसुद्धा दरवर्षी वाढत जाते. टेलिफोनचे ८ हजार महागाईला बांधले असते तर आज त्याचे किती झाले असते विचार करा. आधी प्रत्येक रकमेत काय धरलंय ते लिहून काढा, जे संपलंय ते काढून टाका, जे दोनदा दिलं जातंय ते एकदा करा, आणि मग उरलेल्याला बांधा. टेलिफोन, टपाल यासारखे पैसे बिल दाखवून मिळावेत. किलोमीटरचा दर मात्र ठरलेलाच असावा, कारण टायरच्या झिजेची पावती कुणी देऊ शकत नाही, पण त्याचे दोन भाग असावेत, मैदानी आणि डोंगरी.

हा डोंगरीचा मुद्दा मला फार जवळचा आहे. नाशिक मध्यचा मतदारसंघ शहराच्या पोटात आहे, आमदार रिक्षाने निघाला तरी तासाभरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईल. कळवण मतदारसंघ सुरगाण्याच्या पलीकडे थेट गुजरातच्या हद्दीला टेकतो. दिंडोरीत पेठ येतं, इगतपुरीत त्र्यंबकेश्वर. हे तिन्ही आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ आहेत, सगळ्यात वाईट रस्ते तिथे, सगळ्यात जास्त पाऊस तिथे, आणि तिथून निवडून येणारा माणूस श्रीमंत असेलच असं नाही. सगळ्यांना एकच सपाट रक्कम दिली की समानता झाली असं वाटतं, पण शहरातल्या आमदाराकडे पैसे उरतात आणि सुरगाण्याच्या पाड्यावर जाणाऱ्याला पदरचे घालावे लागतात. मग तो पाड्यावर कमी जातो. त्याचं नुकसान आमदाराला नाही होत, पाड्याला होतं. नर्सताईंच्या ३४ रुपयांसारखंच आहे हे, फक्त आकडा मोठा.

नागपूरचंही बघा. १९५३ च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन तिकडे होतं. पूर्वी नाशिकहून नागपूर म्हणजे रात्रभराची रेल्वे. आता सिन्नरजवळ समृद्धी महामार्गाला लागलं की दिवसात पोचता येतं, ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पासुद्धा ५ जून २०२५ ला सुरू झालाय. मग आता जवळचा मार्ग कुठला धरायचा, रेल्वेचा की समृद्धीचा? रेल्वे फुकट असताना गाडीचे किलोमीटर लावता यावेत का? मला वाटतं लावता यावेत, वेळेलाही किंमत आहे, पण तिघं एका गाडीने गेले तर एकालाच. असं काहीतरी नियमात स्पष्ट असावं.

अजून एक. अमेरिकेच्या घटनेत २७वी दुरुस्ती आहे, १७८९ ला मांडलेली आणि थेट १९९२ ला मंजूर झालेली. त्यांच्या संसदेने स्वतःच्या पगारात बदल केला तर तो मधे एक निवडणूक झाल्यावरच लागू होतो. आपल्याकडे हे आणायला घटना बदलायची गरज नाही, दुरुस्ती विधेयकात एक ओळ टाकली तरी पुरे, की नवे दर पुढच्या विधानसभेपासून. आपल्याला मिळणार नाहीत हे माहीत असताना ठरवलेले दर जास्त सरळ असतात, आणि पेपरवाल्यांनाही मग फार काही लिहायला उरत नाही.

गाडीतल्या काकांनी उतरताना विचारलं की मॅडम हे सगळं ठीक, पण आपल्या आमदारांनी किती बिलं लावली ते आपल्याला कसं कळणार. माहिती अधिकाराने. विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज करायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे हे लक्षात ठेवा, नाहीतर अर्ज परत येतो. मी माझा लिहून ठेवलाय. नाशिक जिल्ह्यातल्या १५ विधानसभा सदस्यांना मागच्या आर्थिक वर्षात प्रवासापोटी दिलेली रक्कम सदस्यनिहाय द्यावी, आणि किलोमीटरच्या दरात कुठकुठले खर्च गृहीत धरलेत त्या आदेशाची प्रत द्यावी. सगळा अर्ज मिळून ६३ शब्द झालेत. सोमवारी सीबीएस बसस्टँडजवळ स्टॅम्प घेते आणि स्पीड पोस्टाने टाकते.